युनिकोड : मालकी, परवाना आणि खर्च

जगातील लिप्यांतल्या प्रत्येक वर्णाला कायमचा क्रमांक नेमून देणारे संगणकीय मानक. ते युनिकोड कन्सॉर्शियम ही अमेरिकेतील ना-नफा संस्था सांभाळते. झेरॉक्स कंपनीतील जो बेकर यांनी १९८८ मध्ये त्याचा आराखडा लिहिला आणि ३ जानेवारी १९९१ रोजी कॅलिफोर्नियात संस्थेची नोंदणी झाली. सप्टेंबर २०२४ मधील १६.० या आवृत्तीत १,५४,९९८ वर्ण आहेत. एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही की बदलायचा नाही, हा संस्थेचा नियम आहे.

हे मानक वापरायला कोणालाच पैसे पडत नाहीत. मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्याला नाहीत आणि तो मोबाइल बनवणाऱ्या कंपनीलाही नाहीत. सगळ्याच सामाईक मानकांचे असे नसते. एच.२६४ या चलच्चित्र-मानकाचा मजकूर कोणालाही वाचता येतो, पण त्यातील तंत्रांवर अनेक कंपन्यांची पेटंटे होती. ती एकत्र करून एमपीईजी एलए ही कंपनी परवाने देई: उत्पादकाला वर्षाला पहिले १ लाख नग माफ, पुढे ५० लाखांपर्यंत नगामागे २० सेंट, त्यानंतर १० सेंट, आणि एकूण रकमेला वार्षिक कमाल मर्यादा. म्हणजे मानक वाचणे फुकट, राबवणे विकत. युनिकोडमध्ये राबवणेही फुकट आहे. पैसे लागतात ते निर्णयाच्या टेबलावर खुर्ची हवी असेल तर.

मालकी मात्र आहेच. मानकाच्या मजकुराचा स्वामित्वहक्क संस्थेकडे आहे आणि ‘युनिकोड’ हे नाव तिचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. वर्णांचे गुणधर्म सांगणाऱ्या माहिती-फायली मुक्त परवान्याखाली मिळतात. हक्कसूचना कायम ठेवली की त्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्येही घालता येतात. वर्णतक्त्यांची गोष्ट वेगळी. तक्ता उतरवून घ्या, छापून भिंतीला लावा, हरकत नाही. पण त्यात वापरलेले फॉण्ट त्यातून काढून घ्यायला मनाई आहे, कारण ते इतरांनी केवळ तक्त्यांपुरते दिलेले असतात. हाच वर्णसंच आयएसओ/आयईसी १०६४६ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संघटना आपली बहुतेक मानके दाम घेऊन विकते, हे मात्र विनामूल्य देते.

खर्च मुख्यतः सदस्यांच्या वर्गणीतून भागतो. पूर्ण सदस्याची वार्षिक वर्गणी हजारो डॉलरची असते आणि तिच्यासोबत तांत्रिक समितीत एक मत मिळते. त्याखालच्या काही वर्गांना अर्धे मत. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲडोबी, मेटा यांच्या शेजारी बरीच वर्षे ओमानचे धर्मादाय व धार्मिक व्यवहार मंत्रालयही पूर्ण सदस्य म्हणून बसत होते. कुराणाच्या लेखनाला लागणारी चिन्हे हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. भारत सरकारचे माहिती तंत्रज्ञान मंत्रालयही अनेक वर्षे सदस्य होते. वर्गणीपेक्षा मोठा, पण हिशेबात न दिसणारा खर्च मनुष्यबळाचा: समित्यांतले बहुतेक तज्ज्ञ सदस्य कंपन्यांच्या पगारावर असतात, उरलेले स्वयंसेवक. नवा वर्ण सुचवायला सदस्यत्व लागत नाही, शुल्कही नाही. मात्र पुरावे गोळा करून प्रस्ताव लिहिण्याचे काम महिनोन्‌महिने चालते, आणि त्याचा मोबदला संस्था सहसा देत नाही.

देवनागरीला हा भार फारसा पडला नाही. भारतात आधीच तयार असलेल्या १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या वर्णसंकेतावर युनिकोडचा देवनागरी विभाग बेतला गेला. सरकारी पैशाने झालेले ते काम जगाला आयते मिळाले. त्यातल्या उणिवाही सोबत आल्या. हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ होता, मराठीचा ‘ॲ’ नव्हता. तो एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. तोवर ‘अ’वर चंद्र बसवण्याच्या नाना युक्त्या चालत, आणि जुन्या मजकुरात शोध घेताना त्या अजूनही आडव्या येतात.

मोडीची कथा अधिक बोलकी आहे. शतकानुशतके महाराष्ट्राचे दप्तर या लिपीत लिहिले गेले, पण तिच्या प्रस्तावामागे मुंबईचा पैसा नव्हता. अंशुमन पांडे यांनी तो लिहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लिपी-संकेतन प्रकल्पातून त्याला आधार मिळाला, आणि त्या प्रकल्पाला अमेरिकी सरकारच्या मानव्यविद्या निधीचे अनुदान होते. जून २०१४ मध्ये ७.० आवृत्तीत मोडी दाखल झाली. म्हणजे पेशवे दप्तराची लिपी संगणकावर आणण्यात अमेरिकी करदात्याचा वाटा आहे. यात संस्थेचा दोष नाही. बडे सदस्य पैसा आणि माणसे लावतात ती बाजारात चालणाऱ्या लिप्यांसाठी, आणि ऐतिहासिक लिप्यांना बाहेरचा दाता शोधावा लागतो.

ही पोकळी थोडी भरावी म्हणून २०१५ च्या अखेरीस ‘वर्ण दत्तक’ योजना निघाली. १००, १,००० किंवा ५,००० डॉलर देऊन कोणीही एखादे अक्षर वा इमोजी दत्तक घेऊ शकतो. सर्वांत वरच्या श्रेणीत एका वर्णाला एकच पालक, मधल्या श्रेणीत पाच, खालच्या श्रेणीत कितीही. पालकाचे नाव संस्थेच्या यादीत लागते, हक्क मात्र कसलाच मिळत नाही. जमलेला पैसा डिजिटल जगात मागे पडलेल्या भाषांच्या कामाला जातो. इमोजींच्या लोकप्रियतेवर दुर्लक्षित लिप्यांचे काम चालावे, ही कल्पना व्यवहारी आहे.

क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर उमटतेच असे नाही. त्याला फॉण्ट लागतो, आणि फॉण्ट या मानकाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याची मालकी आणि परवाना स्वतंत्र. युनिकोडपूर्वीच्या मराठी डीटीपीत प्रत्येक कंपनीच्या फॉण्टची अंतर्गत मांडणी निराळी असे, त्यामुळे एका फॉण्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा काला होई. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉण्ट किंवा गूगलच्या नोटो मालिकेतला मोडी फॉण्ट खुल्या परवान्यावर मिळतो. छापखान्यांतले अनेक फॉण्ट मात्र अजूनही विकतच घ्यावे लागतात.