एल्कच्या शिकारीसाठी लहान कॅलिबरची गोळी

उत्तर अमेरिकेतील एल्क ऊर्फ वापिटी या मोठ्या हरिणाची शिकार साधारण ७ मिमी. किंवा त्याहून कमी कॅलिबरच्या, म्हणजे नळीच्या आतील व्यासाच्या, रायफलीने करायची असेल, तर गोळीचे वजन, तिची बांधणी आणि ती सावजापर्यंत पोहोचतानाचा वेग यांचा मेळ घालावा लागतो. .२४३ विंचेस्टर (१९५५), .२५-०६ रेमिंग्टन (१९६९), ६.५×५५ स्वीडिश आणि ६.५ क्रीडमोर (२००७) ही काडतुसे लहान कॅलिबरची आहेत, याबद्दल दुमत नाही (नावातील पहिला आकडा साधारण व्यासाचा, इंचांत किंवा मिमी.मध्ये; कंसात बाजारात आल्याचे वर्ष). .२७० विंचेस्टर (१९२५) सीमेवरचे असून काही लेखक ते मध्यम वर्गात धरतात.

प्रश्नाचे मूळ जनावराच्या आकारात आहे. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढीचा नर सुमारे ३०० ते ३५० किग्रॅ. भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. आपल्याकडचा मोठा सांबर या वजनाच्या जवळ येतो. काश्मीरचा हंगुल हा एल्कचा जवळचा आप्त असला तरी अंगाने लहान आहे. कातडी जाड, केस दाट, खवाट्याचे आणि वरच्या पायाचे हाड भक्कम. एकच फुप्फुस निकामी झालेला एल्क बराच लांब निघून जातो, आणि गोळी पलीकडून बाहेर पडली नसेल तर रक्त केसांतच मुरते व माग लागत नाही. लहान कॅलिबरवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. गोळी वर्मी लागली तर एल्क लहान गोळीनेही पडतो, हे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो नेम किंचित चुकल्यास किंवा वाटेत हाड आल्यास काय होते याबद्दल.

कायदेशीर मर्यादा : कोलोराडो राज्यात एल्कसाठी किमान .२४ इंच कॅलिबर, किमान ८५ ग्रेन (५.५ ग्रॅम) वजनाची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड (सुमारे १,३५० जूल) ऊर्जा आवश्यक आहे. ऑरेगन व वॉशिंग्टन येथेही .२४ हीच खालची मर्यादा आहे. मोंटानात कॅलिबरचे बंधन नाही. स्वीडनचा नियम वेगळ्या विचाराचा आहे. तेथील मोठे जनावर म्हणजे मूस, एल्कहूनही मोठे हरीण. त्यासाठी ९ ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २,७०० जूल ऊर्जा लागते, पण गोळी १० ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर २,००० जूल पुरतात. म्हणजे जड गोळीला ऊर्जेत सवलत आहे. १५६ ग्रेनची (१०.१ ग्रॅम) गोळी घातलेले ६.५×५५ या सवलतीत बसते, आणि स्कँडिनेव्हियात मूसच्या शिकारीत हे काडतूस पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. लहान कॅलिबरच्या बाजूने दिला जाणारा हा सर्वांत जुना आणि बहुधा सर्वांत भक्कम दाखला होय.

वेधनाचे गणित : गोळीचे पौंडातील वजन भागिले इंचातील व्यासाचा वर्ग, या राशीला काटछेद घनता म्हणतात. सारख्या बांधणीच्या आणि सारख्या वेगाच्या गोळ्यांमध्ये ती जितकी अधिक तितकी गोळी खोल जाते. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी ०.२४२, .३०-०६ ची (.३० इंच व्यासाचे रूढ अमेरिकन काडतूस) १८० ग्रेनची ०.२७१, .२७० ची १५० ग्रेनची ०.२७९ आणि ६.५ मिमी.ची १४० ग्रेनची ०.२८७. या आकड्यांनुसार ६.५ मिमी.ची लांब गोळी .३०-०६ च्या नेहमीच्या गोळीला मागे टाकते. मात्र हा आकडा झाडण्यापूर्वीच्या गोळीचा असतो. टोक पसरले की व्यास वाढतो, तुकडे झडले की वजन घटते आणि मूळ आकडा कोसळतो. म्हणून काटछेद घनतेइतकेच महत्त्व उरलेल्या वजनाला आहे. जुन्या कोष्टकांत हा भाग सहसा गाळलेला आढळतो.

एल्कसाठी १,५०० फूट-पौंड (सुमारे २,०३० जूल) ऊर्जा हवी, हा शिकाऱ्यांत रूढ असलेला आकडा संकेत आहे. प्रयोगातून निघालेला निष्कर्ष नाही. ६.५ क्रीडमोरची १४३ ग्रेनची गोळी नळीतून सुमारे ८२० मी./से. वेगाने निघते आणि या संकेताखाली ती ४०० यार्डांच्या थोडे अलीकडे उतरते. अंतराची मर्यादा ठरवायला आकडा सोयीचा आहे, पण ऊर्जा जनावराला मारत नाही. ऊतींतून पडलेले छिद्र मारते. जखमांच्या अभ्यासात मार्टिन फॅकलर या अमेरिकन लष्करी शल्यविशारदाने १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर केलेल्या कामानंतर हे मत बळावले. जिलेटिनात हाड नसते, त्यामुळे एल्कच्या खवाट्याबाबत ते ठोकळे फारसे काही सांगत नाहीत.

पसरणाऱ्या गोळीचा उगम : शिकारी गोळीचे टोक जनावरात शिरताच मागे वळून छत्रीसारखे उघडावे, ही कल्पना कोठून आली याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात तिचे श्रेय कोलकात्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्याला दिले जाते. १८९५ च्या वायव्य सरहद्दीवरील चित्रळ मोहिमेत ब्रिटिश लष्कराची .३०३ ची पूर्ण कवचाची (शिशाच्या गाभ्याचे टोकही धातूने झाकलेली) गोळी माणसाला जागीच थोपवत नाही अशा तक्रारी आल्या. त्यानंतर, बहुधा १८९६ च्या सुमारास, कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाचे कवच आखूड करून आतले शिसे किंचित उघडे ठेवले. ही गोळी १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वापरली गेली. पुढे जर्मनीतील ट्युबिंगेनचे शल्यविशारद पाउल फोन ब्रुन्स यांनी प्रयोगांतून भयंकर जखमा दाखवल्या आणि युरोपात गदारोळ उठला. त्यांनी झाडलेल्या गोळ्या मात्र डमडमच्या नव्हत्या. शिसे पुष्कळ उघडे असलेल्या माउझर शिकारी गोळ्या होत्या, हा मुद्दा ब्रिटिश पक्षाने मांडला आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. तरीही २९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली.

उगमाचे हे श्रेय सावधपणे घ्यावे. शिकाऱ्यांची पोकळ टोकाची शिशाची गोळी याहून कितीतरी जुनी आहे. लंडनचे बंदूककार जेम्स पर्डी यांनी १८५६ च्या सुमारास ‘एक्सप्रेस’ हे नाव रूढ केले तेव्हापासून हलकी, वेगवान गोळी मृगवर्गासाठी इंग्लंडात व हिंदुस्थानात वापरात होती, आणि पुढे या रायफलींत टोकाला पोकळी असलेली गोळी नेहमीची झाली. इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकर यांनी तिच्यावर कडक टीका केली: जड जनावरात ती वरवर फुटते, आत पोहोचत नाही, त्यापेक्षा भरीव शिसे बरे. एल्क आणि लहान कॅलिबर यांच्यावरचा आजचा वाद नेमका याच मुद्द्यावर आहे. त्यामुळे कल्पना शिकाऱ्यांची आणि तिचे लष्करी रूप डमडमचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८८२ मध्ये स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन यांनी तांब्याचे कवच आणले आणि १८८६ पासून फ्रान्सच्या लष्करात धूरविरहित दारूची रायफल आली, तेव्हा वेग वाढला. त्या वेगाला नुसते शिसे टिकत नसल्याने पसरण्याचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. युद्धात निषिद्ध ठरलेला गुण शिकारीत कोलोराडोसारख्या राज्यांनी सक्तीचा केला आहे, कारण न पसरणारी गोळी जनावराला जायबंदी करून सोडते.

पूर्ण कवचाच्या लहान गोळीचेही समर्थक होते. हत्तींचे शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत ७×५७ रायफलीने मोठ्या संख्येने हत्ती मारले. याच काडतुसाला इंग्लंडात .२७५ रिग्बी म्हणत. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी याच कॅलिबरची होती आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी तिनेच मारला. बेल यांचा नेम आणि शरीररचनेचे ज्ञान असामान्य होते, त्यामुळे त्यांच्या उदाहरणावरून एल्कसाठी नियम काढणे योग्य नाही.

दुभागलेली गोळी : १९४६ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर जवळून झाडलेल्या गोळ्या आत न शिरता फुटल्या. त्या अनुभवावरून जॉन नॉस्लर यांनी ‘पार्टिशन’ गोळी बनवली आणि १९४८ मध्ये ती विक्रीस आणली. ती उभी कापून पाहिली तर कवचाच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत दिसते. पुढे शिसे, मागे शिसे. पुढचा भाग भिंतीपर्यंत फाटतो, बराचसा झडतो. मागचा भाग अखंड राहून आत जातो. सुरुवातीची कवचे धातूच्या सळईला दोन्ही टोकांकडून भोक पाडून बनवत. १९३० च्या दशकातील जर्मन ‘एच-मांटेल’ गोळी दिसायला जवळची असल्याने नॉस्लर यांनी कल्पना तेथून घेतली असे सुचवले जाते. जर्मन गोळीत मात्र कवच कमरेत आत दाबलेले असते, सलग भिंत नसते. दोघांना ही युक्ती स्वतंत्रपणे सुचली असणे अधिक संभवते.

कवच आणि गाभा एकजीव केलेल्या गोळ्या व संपूर्ण तांब्याच्या गोळ्या या पुढच्या पायऱ्या. बार्न्स कंपनीची तांब्याची ‘एक्स’ गोळी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. या तिन्ही बांधणींचा लाभ मोठ्या कॅलिबरपेक्षा लहान कॅलिबरला अधिक झाला, कारण तेथे गमवायला वजनच थोडे असते.

दोन परंपरा : अमेरिकेत या प्रश्नावर जॅक ओकॉनर आणि एल्मर कीथ या शिकारलेखकांच्या लेखनाचा दीर्घकाळ प्रभाव होता. ओकॉनर .२७० चे पुरस्कर्ते, कीथ .३३ इंच व्यासाच्या, अडीचशे ग्रेनच्या जड गोळ्यांचे. कीथ यांचा आग्रह ज्या काळी तयार झाला, त्या काळच्या साध्या गोळ्या वेगात फुटत, हे लक्षात घेतले तर तो अवास्तव नव्हता. बांधणी सुधारली तसा ओकॉनर यांचा पक्ष बळकट झाला. लहान काडतुसाचा धक्का .३०० मॅग्नम या शक्तिशाली काडतुसाच्या साधारण निम्मा असतो. त्यामुळे बार करताना माणूस दचकत नाही, सराव अधिक होतो आणि नेम सुधारतो, हे कारणही दुर्लक्षण्यासारखे नाही.

निवड : .२४३ मध्ये ९५ ते १०० ग्रेनची दुभागलेली किंवा एकजीव गाभ्याची, नाहीतर ८० ते ८५ ग्रेनची तांब्याची गोळी घेतात. कोलोराडोत ८० ग्रेनची चालत नाही. साधी, पातळ कवचाची १०० ग्रेनची गोळी लहान हरणांसाठी उत्तम असली, तरी ४०-५० यार्डांवर तिचा वेग अजून पुष्कळ असतो. खवाट्याच्या जाड हाडावर आदळताच कवच सोलले जाऊन शिसे वेगळे होते आणि जखम रुंद पण उथळ राहते. याच कारणाने या काडतुसाने फक्त आडवा उभा असलेला एल्क, पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांतूनच मारावा असे अनुभवी शिकारी सांगतात. ६.५ मिमी.मध्ये १४० ते १५६ ग्रेन, .२७० मध्ये १४० ते १५० ग्रेन ही नेहमीची वजने. या गोळ्या तिरप्या उभ्या जनावरातही पुरेशा खोल जातात.

वेग फार कमी झाला तर गोळी पसरतच नाही. पार्टिशनसारख्या गोळ्यांसाठी ही सीमा सुमारे ५५० मी./से. धरतात, तांब्याच्या गोळ्यांसाठी ६०० च्या आसपास धरणे सुरक्षित. अलीकडे लक्ष्यवेधी स्पर्धांतील गोळ्यांसारख्या जड, लांब आणि आत फुटणाऱ्या गोळ्या एल्कवर वापरणारा गट वाढला आहे. छातीत रुंद जखम होते, हा त्यांचा दावा खरा आहे. हाडाबाबतची शंका मात्र त्यांनी पुरती दूर केलेली नाही, आणि नियंत्रित पसरणारी गोळी हाच तूर्त सावध पर्याय दिसतो.

लांब गोळी स्थिर राहण्यासाठी नळीच्या आट्यांना (गोळीला फिरवणाऱ्या आतील सर्पिल खाचांना) घट्ट पीळ हवा. १९५५ मध्ये आलेल्या .२४४ रेमिंग्टनला १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ होता. १०० ग्रेनच्या गोळ्या त्यात नीट स्थिरावत नसत. तोवर .२४३ ने बाजी मारली. १९६३ मध्ये तेच काडतूस ९ इंचांच्या पिळासह ६ मिमी. रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणावे लागले. ६.५ क्रीडमोरला सहसा ८ इंचांचा पीळ असतो.

तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घनसेंमी., शिशाची ११.३४, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते आणि पिळाचा प्रश्न पुन्हा उद्भवतो. वजन एक पायरी कमी घेणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. उरलेले वजन जवळजवळ पूर्ण टिकत असल्याने वेधन कमी होत नाही. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांना सावजाच्या अवशेषांतील शिशाच्या कणांची विषबाधा होत असल्यामुळे १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे, आणि तेथे एल्कसाठीही तांब्याचीच किंवा अन्य शिसेविरहित गोळी घ्यावी लागते.