शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज: नोकरी करून शिकणाऱ्यांनी आधी बँक खाते पाहावे

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेनुसार, ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा प्रवेश व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला आहे, अशा महाराष्ट्रातील अधिवासी विद्यार्थ्यांचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील पात्र मुलींना ही सवलत शंभर टक्के मिळते. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांवर, प्रवेश घेतलेल्यांनी मात्र येथेच थांबावे. त्यांचा अर्ज मंजूर होत नाही, मग घरची परिस्थिती कितीही ओढग्रस्तीची असो.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो. गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, शुल्काची पावती ही कागदपत्रे बहुतेकांकडे असतात. घोळ होतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर. वडिलांचे पगारपत्रक किंवा ग्रामपंचायतीचे पत्र जोडून अनेकजण मोकळे होतात आणि अर्ज परत येतो, कारण दाखला तहसीलदारांचाच लागतो. शेतकरी कुटुंबाला त्यासाठी सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल जमवावा लागतो व त्यात आठवडे जातात, म्हणून प्रवेशाची यादी लागण्याची वाट न पाहता दाखल्याच्या मागे लागावे.

दुसरी अडचण खास कमावत्या मुलांची आहे. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जमा होते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ती आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जाते. एखादा विद्यार्थी सायंकाळच्या नोकरीसाठी मालकाच्या सांगण्यावरून नवे खाते उघडतो, तेथे आधार जोडण्याच्या संमतीपत्रावर न वाचता सही करतो, आणि पुढे नोकरी सुटल्यावर ते खाते विसरून जातो. पैसे मात्र तिकडेच वळतात किंवा बंद खात्यावर आपटून परततात. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असल्यास कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत कळते. ही साधी गोष्ट अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक का छापली जात नाही, हे समजत नाही.

हजेरीकडेही दुर्लक्ष नको. पुढच्या वर्षी नूतनीकरण करताना मागील सत्रात किमान ५० टक्के उपस्थिती दाखवावी लागते. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला न जाणाऱ्याला पगार मिळतो, पण शुल्काची सवलत हातची जाते. ज्या महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते, तेथे ग्रंथालयातील किंवा प्रयोगशाळेतील कामाची वेळ तासिकांना धरून ठरते, म्हणून मानधन थोडे असले तरी आधी विद्यार्थी कल्याण विभागात चौकशी करणे शहाणपणाचे.

अर्ज पाठवला म्हणजे काम झाले असे समजू नये. महाविद्यालयाचा लिपिक, प्राचार्य आणि विभागीय कार्यालय अशा पायऱ्यांवर त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो, आणि फोनवर कोणी कळवेल या भरवशावर राहणाऱ्यांची मुदत तेथेच संपते. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून पाहावे, आणि त्रुटी दुरुस्त केल्यानंतर अर्ज पुन्हा सादर करावा. नुसते कागदपत्र बदलून बाहेर पडल्यास अर्ज पुढे सरकत नाही.