संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार)

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ८ नुसार राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्यात नेमायचा अधिकारी. या पदावर शक्यतो स्त्री असावी, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाकडे आहे. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

पीडितेचे म्हणणे ऐकून ‘डीआयआर’, म्हणजे घटनेचा अहवाल, विहित नमुन्यात भरणे हे या अधिकाऱ्याचे मुख्य काम. हा नमुना मुळातून वाचण्यासारखा आहे. मारहाणीबरोबरच मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, औषधपाण्याला पैसे न देणे, घरभाडे थकवणे, स्त्रीधन परस्पर विकणे किंवा गहाण टाकणे, घरातल्या एखाद्या भागात वावरू न देणे अशा गोष्टींची त्यात स्वतंत्र नोंद होते. ‘हात तर उचलला नाही ना?’ या नेहमीच्या प्रश्नाला हा कागदच उत्तर देतो. अहवालाची प्रत पीडितेला विनामूल्य मिळते. निवारागृह, वैद्यकीय तपासणी आणि वकील मिळवून देण्याची जबाबदारीही याच अधिकाऱ्याची.

न्यायालयाकडे दाद मागण्याचा अर्ज कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. बाई माहेरी किंवा तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयातही तो चालतो. पीडिता स्वतः अर्ज करू शकते; अधिकारी भेटला नाही म्हणून दार बंद होत नाही. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांच्या आत द्यावी आणि ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात प्रकरणे बरीच लांबतात. त्यामुळे कलम २३ खालचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश सुरुवातीलाच मागणे शहाणपणाचे.

नवऱ्याला तुरुंगात धाडण्यापेक्षा बाईच्या डोक्यावरचे छप्पर टिकवण्याकडे या कायद्याचा कल आहे. संरक्षण, निवास, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई असे आदेश मिळतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, हे कारण एकेकाळी सुनेला बाहेर काढायला पुरत असे. २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अडवली. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो : १ वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वकिलाच्या फीची अडचण असल्यास तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तातडीच्या वेळी ११२, सल्ल्यासाठी १८१ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारातच समाजकार्यकर्त्या बसतात अशी विशेष कक्षांची जुनी सोयही आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला.

या व्यवस्थेतले दुबळे दुवे जगजाहीर आहेत : रिक्त पदे, आणि दुसऱ्याच कामात बुडालेल्या अधिकाऱ्यावर टाकलेला ‘अतिरिक्त कार्यभार’. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचे निर्देश द्यावे लागले.