पावातलं ब्रोमेट: पुरावा एक, कायदे तीन

‘युरोपात बंदी आहे, म्हणजे विषच’ आणि ‘अमेरिकेत चालतं, म्हणजे सुरक्षितच’. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही दोन्ही विधानं पोटॅशियम ब्रोमेटपाशी, म्हणजे पाव छान फुगावा म्हणून मैद्यात घातल्या जाणाऱ्या रसायनापाशी, अडखळतात.

मैद्याचा गोळा नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहा. पांढरं पाणी, म्हणजे स्टार्च, वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. ते ग्लूटेन. त्याच्या प्रथिनसाखळ्यांवर जागोजागी गंधक-हायड्रोजनच्या जोड्या असतात. ब्रोमेट त्यातला हायड्रोजन काढून घेतं, मोकळे झालेले दोन गंधक एकमेकांना धरतात आणि शेजारच्या साखळ्या सांधल्या जातात. ब्रोमेटच्या एका आयनातून, म्हणजे एका भारित कणातून, असे तीन सांधे होतात. जाळं घट्ट झालं की यीस्टचा वायू त्यात अडकतो आणि पाव छान फुगतो. शिवाय ब्रोमेट सावकाश काम करतं. त्याच कामाचं दुसरं रसायन, आयोडेट, मळतानाच संपतं. ब्रोमेटचा खरा जोर पीठ फुगताना आणि भट्टीत शिरल्यावर. बेकरीवाल्यांना ते प्रिय होतं ते यासाठी.

हे करताना ब्रोमेटचं ब्रोमाइड होतं आणि ते त्या मात्रेत निरुपद्रवी असतं. पण मात्रा जास्त पडली किंवा भाजणं कमी झालं, तर ब्रोमेट पावात उरतं. पाण्यातून ब्रोमेट दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात, हे जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं.

पुरावा सगळ्यांसमोर एकच होता. ब्रिटनने १९९० मध्ये, कॅनडाने १९९४ मध्ये सरळ बंदी घातली. खुद्द जपानने अट घातली: वापरा, पण तयार पावात उरता कामा नये. अमेरिकेने १९९१ मध्ये बेकरीवाल्यांना ते स्वेच्छेने सोडायची विनंती केली. प्राण्यांत कर्करोग घडवणारं द्रव्य अन्नात नको, असा कायदा तिथे १९५८चा; ब्रोमेटला परवानगी त्याआधीच मिळालेली, म्हणून ते त्यातून सुटलं. कॅलिफोर्नियाची बंदी २०२७ पासून लागू होणार आहे. भारतात २०१६ पर्यंत पावासाठी ५० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ५० भागांची, मुभा होती. दिल्लीतल्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) संस्थेने तपासलेल्या पाव-बेकरी पदार्थांच्या ३८ नमुन्यांपैकी ८४ टक्क्यांत ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं आणि त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली.

आता त्याच्या जागी पाकिटावर बऱ्याचदा ‘आयएनएस ३००’ असतं; आयएनएस हा अन्नात मिसळायच्या द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. आकडा दिसला की विष, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हे क जीवनसत्त्व आहे, आणि पाव भट्टीतून बाहेर येईपर्यंत ते फारसं उरतही नाही.