पार्किन्सनची खात्री फक्त मृत्यूनंतरच?

‘मेंदूतला बिघाड माणूस गेल्यावरच पक्का कळतो,’ हे नाशिकमध्ये अजून ऐकू येतं. एके काळी खरं होतं, आता नाही: पार्किन्सनसाठी जिवंतपणीच करता येणारी चाचणी आहे.

कमरेत सुई घालून काढलेल्या मेंदू-मणक्यातल्या पाण्याचे काही मायक्रोलिटर शुद्ध अल्फा-सिन्युक्लिनमध्ये (पार्किन्सनमध्ये ज्याची घडी चुकते ते प्रथिन) मिसळतात, थायोफ्लेविन टी हा चुकीच्या घडीला चिकटून चमकणारा रंग घालतात आणि ऊब देत तासन्‌तास हलवतात. चुकीची घडी पडलेलं प्रथिन विरजणासारखं वागतं: चांगलंही तशीच घडी घेतं, चमक वाढते. मात्र याच प्रथिनाच्या गाठींशी जोडलेल्या लेवी बॉडी स्मृतिभ्रंशातही चाचणी होकारार्थी येते. तिथे डॉक्टरांची तपासणीच लागते.

घोळ बहुधा नमुना घेतानाच. रक्त मिसळलं की अभिक्रिया दबते. अल्झायमरसाठी याच पाण्यातलं अमायलॉइड हे प्रथिन मोजायचं तर नळी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. काचेला ते चिकटतं, आकडा घटतो आणि, अल्झायमरमध्ये हा आकडा कमीच असतो म्हणून, नसलेला आजार कागदावर दिसतो.