हाकेला धावणारी पेशीच टिपायची

कुत्र्याच्या पोटावर किंवा जांघेत बारीक पिवळट पुळ्या येतात, त्या फुटतात, कडेने खपली धरते आणि तेवढ्या जागेचे केस जातात. पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेले असते. त्या पुळीतला पू म्हणजे साचलेली घाण, असा आपला समज. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात जीवाणूंपेक्षा कुत्र्याच्याच पांढऱ्या पेशी जास्त दिसतात. या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. जीवाणू गिळून पचवणे हे त्यांचे काम, आणि आयुष्य मुळातच थोडे, त्यामुळे त्या मरणार हे ठरलेलेच. पण पुळीत मेलेल्या सगळ्याच न्यूट्रोफिल काही जीवाणू गिळून मेलेल्या नसतात. कित्येकींना जीवाणूने आधीच गाठलेले असते.

हा जीवाणू बहुतेक वेळा एकच असतो: स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस. नाव लांबलचक आहे, आणि तेही त्याला उशिरा मिळाले. १९७६पासून कुत्र्यांमधल्या या जंतूला ‘इंटरमिडियस’ म्हणत. २००५मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी मांजर, कुत्रा, घोडा आणि पोपट यांच्याकडून मिळालेल्या नमुन्यांवरून स्यूडइंटरमिडियस ही वेगळी जात मांडली. मग दोनेक वर्षांत लक्षात आले, की कुत्र्यांमध्ये ज्याला इतकी वर्षे इंटरमिडियस म्हटले तो बहुतांशी हाच. निरोगी कुत्र्याच्या नाकात, तोंडात आणि गुदद्वारापाशी तो सुखाने राहतो. पिल्लाला तो जन्मल्यावर लगेच आईकडूनच मिळतो. म्हणजे बाहेरून आलेला शत्रू वगैरे हा नाही, घरचाच आहे. पिसवांची ॲलर्जी, खरूज, ॲटोपी (ॲलर्जीची आनुवंशिक प्रवृत्ती) अशा कारणाने कुत्रा खाजवून खाजवून कातडी सोलतो, तेव्हा याला आत शिरायला वाट मिळते.

कातडीत जंतू शिरला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-८ नावाचे प्रथिन सोडतात. ही मदतीची हाक. रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर सीएक्ससीआर-२ नावाचा ग्राही, म्हणजे निरोप टिपणारे प्रथिन, असतो. त्याच्यावर हे प्रथिन बसले की न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, फटीतून बाहेर पडते आणि जिकडे इंटरल्यूकिन जास्त तिकडे सरकत जाते. या ग्राहीशिवाय तिला हाक नीट ऐकू येणार नाही, म्हणून तो तिच्या अंगावर भरपूर असतो.

स्यूडइंटरमिडियस नेमका तोच धरतो. त्याच्या विषाला ल्युक-आय म्हणतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या गटाने १९९५मध्ये त्याचे वर्णन केले होते. हे विष दोन वेगवेगळ्या प्रथिनांचे आहे. जीवाणू ती दोन्ही सुटी सुटी बाहेर टाकतो, आणि सुटी असताना दोन्ही निरुपद्रवी. पहिले जाऊन ग्राहीवर बसते, मग दुसरे त्याला येऊन जुळते. या कुळातल्या विषांचे असे चार आणि चार, एकाआड एक, मिळून आठ तुकड्यांचे कडे तयार होते, आणि त्या कड्याचा मधला भाग पेशीच्या पटलातून आरपार जातो. पेशीला भोक पडते. बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, आतले पोटॅशियम बाहेर जाते, पेशी फुगते आणि फुटते. ल्युक-आय सीएक्ससीआर-२ वापरते, हे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

मला यातली खरी कमाल भोक पाडण्यात वाटत नाही. भोके पाडणारी विषे जीवाणूंच्या जगात पुष्कळ आहेत. कमाल निवडीत आहे. हा ग्राही टाळायचा, तर न्यूट्रोफिलला तो अंगावरून काढून टाकावा लागेल, आणि काढला तर तिला संसर्गापर्यंत पोचणे अवघड होईल. दोन्हीकडून फायदा जीवाणूचाच.

माणसाच्या ओळखीच्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडेही असेच विष आहे. पांढऱ्या पेशी मारणारे काहीतरी हा जंतू सोडतो, हे बेल्जियममध्ये व्हॅन दे व्हेल्डे यांनी १८९४मध्येच दाखवले होते. पुढे १९३२मध्ये पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी अशा एका विषाचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यावरून कित्येक वर्षे वाद चालला, कारण प्रयोगशाळेतल्या उंदरांवर त्याचा फारसा परिणाम दिसेना. २०१३मध्ये उलगडा झाला: हे विष सी-५-ए या, न्यूट्रोफिलला बोलावणाऱ्या आणखी एका रेणूचा ग्राही धरते, आणि उंदराचा ग्राही माणसाच्या ग्राहीपेक्षा पुरेसा वेगळा असल्याने विष त्याला नीट चिकटतच नाही. ससा मात्र सापडतो! एका प्राण्यात निरुपद्रवी ठरलेले विष दुसऱ्यात घातक असू शकते, ते असे. कुत्र्याच्या जीवाणूचे विष तपासायला कुत्र्याच्याच पेशी घ्याव्या लागतात, त्याचे कारणही हेच.

न्यूट्रोफिलला मारणे हा एकच डाव नाही. अँटिबॉडी म्हणजे जंतू ओळखायला शरीराने बनवलेले प्रथिन. तिचे दोन हात जंतूला पकडतात आणि शेपटीचा भाग न्यूट्रोफिलला दाखवतात, म्हणजे कोणाला गिळायचे ते तिला कळते. स्यूडइंटरमिडियसच्या कवचावरची प्रथिने, ऑरियसच्या ‘प्रोटीन ए’ची भावंडे, अँटिबॉडीला शेपटीकडूनच धरतात. जंतूभोवती अँटिबॉडींची गर्दी दिसते, पण सगळ्या उलट्या बाजूने धरलेल्या, त्यामुळे न्यूट्रोफिलला पकडायला काहीच उरत नाही. जाता जाता: औषध कंपन्या अँटिबॉडीची औषधे शुद्ध करतात, ती याच प्रोटीन एच्या गुणावर.

या जीवाणूच्या काही वाणांकडे तिसरेही हत्यार असते, कातडी उसवणारी विषे. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे डेस्मोग्लेइन-१ हे प्रथिन ती तोडतात. थर सुटतो, पोकळी होते, आणि त्या पोकळीत पुळी धरते. कुत्र्याची बाह्यत्वचा आधीच माणसापेक्षा पातळ, त्यामुळे फार कष्ट पडत नाहीत.

उपचाराच्या बाजूने पाहिले, तर भरपूर पू म्हणजे शरीर जोरात लढते आहे, हा निष्कर्ष तेवढासा पक्का राहत नाही. माणसातल्या ऑरियसवरच्या प्रयोगांत दिसले आहे, की क्लिंडामायसिनसारखे प्रथिननिर्मिती थांबवणारे प्रतिजैविक विषाचे उत्पादनही घटवते, उलट पेनिसिलिनच्या कुळातली काही औषधे अपुऱ्या मात्रेत ते वाढवू शकतात. अर्धवट डोस देऊन ‘बरा वाटतोय’ म्हणत गोळ्या बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यात भर म्हणजे मेक-ए हे औषधांना दाद न देणारे जनुक असलेले वाण: त्यांच्यावर सेफलेक्सिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ही नेहमीची औषधे चालत नाहीत, आणि दरवेळी अंदाजाने गोळी बदलण्यापेक्षा पुवाचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून कोणते औषध चालते ते तपासायला, पाठवणे स्वस्त पडते. खाज थांबावी म्हणून दुकानातून आणून दिलेली प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी खाज थांबवते खरी, पण जीवाणूने आधीच कमकुवत केलेली शरीराची बचावाची बाजू आणखी कमकुवत करते.

पुळ्या वरवरच्या आणि मोजक्या जागी असतील, तर पशुवैद्य बऱ्याचदा पोटातले औषध न देता क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू देतात. याच्यापुढे जीवाणूचा ग्राहीचा डाव चालत नाही, कारण क्लोरहेक्झिडिनला न्यूट्रोफिलची गरजच नसते. ते जंतूचे पटल थेट फोडते. फक्त फेस लावून लगेच पाणी ओतायचे नाही. दहा मिनिटे तो अंगावर राहू द्यायचा, आणि तेवढा वेळ कुत्र्याला तो चाटू द्यायचा नाही.