दम खायला किती वेळ द्यायचा?

आइस हॉकीच्या सरावात हे दृश्य हमखास दिसतं. शिट्टी वाजते, खेळाडू गोल लाइनवरून, म्हणजे गोलाच्या रेषेवरून, सुटतो आणि मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यातल्या निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे ब्लू लाइनपर्यंत, जीव तोडून स्केटिंग करतो. पाच-सहा सेकंदांचं काम. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतोय तोवर पुन्हा शिट्टी. प्रशिक्षक ओरडतात, "उभे राहू नका, लॅक्टिक अ‍ॅसिड साचेल!" चौथ्या फेरीला वेग पडला की ऐकू येतं, जिद्द कमी पडली. हे ऐकलं की मला राहवत नाही. तिथे जिद्द नाही, क्रिएटिन फॉस्फेट कमी पडलेलं असतं.

स्नायूला आकुंचनासाठी एटीपी हे पेशीचं थेट इंधन लागतं, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. पूर्ण जोर लावला तर स्नायूतलं एटीपी जेमतेम दोन सेकंद पुरेल. ते तत्काळ पुन्हा बनतं ते मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटमुळे. एटीपी एक फॉस्फेट गमावून खर्ची पडलं की एडीपी उरतं; हे संयुग आपला फॉस्फेट त्या एडीपीला देऊन टाकतं. 1927 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते स्नायूत शोधलं. सहा सेकंदांच्या एका स्प्रिंटमध्ये त्याचा जवळपास निम्मा साठा उडतो.

तो भरतो कसा, हे प्रत्यक्ष बघता येतं. फॉस्फरस टिपणाऱ्या एनएमआर यंत्रात (एमआरआयसारखंच चुंबकावर चालणारं यंत्र) पाय ठेवून व्यायाम करायचा. आलेखावर क्रिएटिन फॉस्फेटचं शिखर खचत जातं, सुट्या फॉस्फेटचं उंचावतं, एटीपीची तीन शिखरं मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. व्यायाम थांबला की खचलेलं शिखर वर चढू लागतं. पण थांबताक्षणी मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा तोडला, तर ते तसंच पडून राहतं. पट्टा सोडा, लगेच चढू लागतं! खर्च ऑक्सिजनशिवाय होतो, भरपाई मात्र ऑक्सिजनवरच. म्हणून ज्याची दमछाक कमी होते, तो दोन स्प्रिंटमध्ये लवकर सावरतोही.

या भरपाईचा अर्धा पल्ला साधारण 30 सेकंदांत गाठला जातो, उरलेल्याचा अर्धा पुढच्या 30 सेकंदांत. आता ढोबळ हिशेब करू. प्रत्येक स्प्रिंटला मूळ साठ्याचा निम्मा भाग लागतो असं धरा. दोन मिनिटं विश्रांती दिली, तर दरवेळी सुरुवात सुमारे 97 टक्क्यांवरून होते. 30 सेकंदच दिली, तर दुसरी स्प्रिंट 75 वरून, तिसरी साडेबासष्टवरून, चौथी 56 वरून. म्हणजे चौथीच्या शेवटी हाती उरले सहा. प्रत्यक्षात स्नायू इतका रिता होत नाही, तो आधीच वेग उतरवतो.

स्प्रिंट लांबली की आणखी एक भानगड होते. क्रिएटिन फॉस्फेट फुटताना एक हायड्रोजन आयन वापरला जातो, पुन्हा बनताना तो बाहेर पडतो. स्नायू आम्लधर्मी झाला असेल, म्हणजे हे आयन आधीच जास्त असतील, तर समतोल परत बनण्याच्या विरुद्ध झुकतो. त्यामुळे 30 सेकंदांच्या स्प्रिंटनंतर अर्ध्या भरपाईलाच सुमारे एक मिनिट लागतं.

आणि लॅक्टेट, म्हणजे प्रशिक्षक ज्याला लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात तो? तो कचरा नाही, हृदयसुद्धा तो इंधन म्हणून जाळतं. हळूहळू फिरत राहिल्याने तो रक्तातून लवकर कमी होतो, हे खरं. पण छोट्या विश्रांतीत फिरणारे पाय नेमका भरपाईला हवा असलेला ऑक्सिजन खातात. तिथे शांत उभं राहणंच बरं. बाकावर बसून हुंगायचे ऑक्सिजनचे डबे तर निव्वळ जाहिरातबाजी आहे. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साधी हवा घेऊनही सुमारे 97 टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं.

सामन्यात खेळाडू गटागटाने आलटून-पालटून बर्फावर उतरतात; अशी एक पाळी साधारण 45 सेकंदांची. आघाडीच्या खेळाडूंच्या चार फळ्यांना, म्हणजे गटांना, सारखा वेळ दिला तर प्रत्येकीला सव्वादोन मिनिटं बाक मिळतं. बचावपटूंच्या जोड्या तीनच, त्यांना दीड मिनिट. तरीही सरावात दोघांना एकाच शिट्टीवर पळवतात.